‘इफ’च्या वाक्यात ‘विल’ कुठे, ‘वुड’ कुठे आणि ‘हॅड’ कुठे?

तुम्ही लिहिलंय की शिक्षण मराठी माध्यमात झालं, क्लासमध्ये झिरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड असे ‘इफ’चे चार प्रकार पाठ करून घेतले, पण मुलाखतीत तोंड उघडलं की सगळे एकमेकांत मिसळतात. मीही दादरच्या मराठी शाळेतली. पुढे बॅलार्ड इस्टेटमधल्या एका क्लिअरिंग एजंटकडे (कस्टममधून माल सोडवून देणारे) वीसेक वर्षं पत्रव्यवहार सांभाळला, तेव्हा कुठे हे अंगवळणी पडलं. ते नंबर तूर्त विसरा.

नवीन असताना मी एका पार्टीला लिहिलं होतं, ‘इफ द डॉक्युमेंट्स विल रीच बाय फ्रायडे, देन वी विल क्लिअर द कन्साइनमेंट.’ मॅनेजरांनी पहिलं ‘विल’ खोडलं, ‘देन’ खोडलं आणि कागद परत दिला. का, ते सांगितलं नाही. मला ते मराठीतच सापडलं. ‘पाऊस पडला तर मी येणार नाही’ असं आपण म्हणतो. पाऊस अजून पडायचाय, तरी ‘पडला’. ‘पडेल तर’ कानाला खटकतं. अटीच्या भागात भविष्यकाळ आपल्यालाही नकोसा असतो, इंग्रजीलाही. आपण तिथे भूतकाळाचं रूप घेतो, इंग्रजी साधा वर्तमान घेते: ‘इफ इट रेन्स, आय वोन्ट कम.’

आणि ‘देन’? आपण ‘जर’ गिळतो, ‘तर’ ठेवतो. इंग्रजी ‘इफ’ ठेवते आणि ‘देन’ बहुतेक वेळा गिळते. ‘देन’ लावलं तर चूक नाही, पण प्रत्येक वाक्यात आलं की आपलं ‘तर’ ऐकू येतं.

जे नेहमीच घडतं त्याला दोन्हीकडे साधा वर्तमान: ‘इफ यू टेक द विरार फास्ट ॲट सिक्स, यू डोन्ट गेट अ सीट.’ झिरोमध्ये याहून जास्त काही नाही.

खरी गंमत आपल्या ‘असता-असती-असतं’ची. शाळेत याला संकेतार्थ म्हणायचे. ‘पापलेट ताजं असतं तर घेतलं असतं.’ हे वाक्य मी कोळणीसमोर उभी राहूनही म्हणू शकते आणि संध्याकाळी घरी नवऱ्यालाही. मराठीला फरक पडत नाही, इंग्रजीला पडतो. कोळणीसमोर: ‘इफ द पॉम्फ्रेट वर फ्रेश, आय वुड टेक इट.’ घरी आल्यावर: ‘इफ द पॉम्फ्रेट हॅड बीन फ्रेश, आय वुड हॅव टेकन इट.’ पहिल्या वाक्यात गोष्ट आत्ताची आहे, तरी क्रियापद भूतकाळी, कारण ते रूप इथे वेळ सांगतच नाही. पापलेट ताजं नाही, एवढंच सांगतं. आत्ता खरं नसेल तर क्रियापद एक पायरी मागे. तेव्हाच खरं नव्हतं तर आणखी एक पायरी मागे, म्हणजे ‘हॅड’. सेकंड आणि थर्ड म्हणून तुम्ही जे पाठ केलंत ते हेच. (‘वॉज’च्या जागी ‘वर’ का, हेही मनात आलं असेल. बोलताना ‘इफ इट वॉज’ सर्रास चालतं, लिहिताना ‘वर’ ठेवा. ‘इफ आय वर यू’ मात्र तसंच पाठ करा.)

आपली सगळ्यात मोठी चूक इथेच होते. मराठीत ‘असतं’ दोन्ही भागांत येतं, ‘तू सांगितलं असतंस तर मी आले असते’, म्हणून आपण ‘वुड’ही दोन्हीकडे लावतो: ‘इफ यू वुड हॅव टोल्ड मी, आय वुड हॅव कम.’ अमेरिकेत बोलताना असं पुष्कळ जण म्हणतात, पण परीक्षेत आणि पत्रात ते चूकच धरतात. ‘वुड’ फक्त ‘तर’नंतरच्या भागात. अटीच्या बाजूला ‘हॅड’.

माझ्या डोक्यात हे पक्कं बसलं ते 26 जुलै 2005 मुळे. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला 75 सुद्धा नाही. बॅलार्ड इस्टेट कुलाब्याच्याच बाजूला, त्यामुळे ऑफिसच्या खिडकीतून आम्हाला फार काही वेगळं दिसतच नव्हतं. सहाला निघायला गेलो तर लोकल बंद. रात्र ऑफिसात, टेबलावर डोकं ठेवून. दुसऱ्या दिवशी परदेशी एजंटला उशिराचं कारण कळवताना मी लिहिलं, ‘इफ वी हॅड नोन, वी वुड हॅव लेफ्ट ॲट टू.’ एकही खोडाखोड न होता गेलेलं माझं हे पहिलं ‘इफ’. मॅनेजरही त्या रात्री तिथेच अडकले होते म्हणा.

अट कालची आणि परिणाम आजचा, असंही होतं: ‘इफ आय हॅड टेकन द पुणे जॉब, आय वुड बी लिव्हिंग इन कोथरूड नाउ.’ यात नवा नियम काही नाही, प्रत्येक भागाने आपापली वेळ सांभाळायची.

‘अनलेस’ला जपा. ‘तू येत नाहीस तोपर्यंत’ची सवय असल्याने आपण ‘अनलेस यू डोन्ट कम’ म्हणून बसतो. नकार त्या शब्दातच आहे, ‘अनलेस यू कम’ पुरे. ‘इन केस’ म्हणजेही ‘इफ’ नव्हे. ‘टेक ॲन अम्ब्रेला इन केस इट रेन्स’ म्हणजे छत्री आत्ताच घे, पाऊस येवो न येवो. ‘इफ इट रेन्स’ म्हटलं तर पाऊस आल्यावर छत्री घ्यायला परत वर या.

अटीच्या भागात ‘विल’ चालतं अशी एक जागा आहे: समोरच्याची तयारी विचारताना. ‘इफ यू विल वेट अ मिनिट, आय विल चेक’, म्हणजे जरा थांबाल का. पत्रात तर ‘इफ’ गाळून ‘शुड यू नीड एनी हेल्प’ किंवा ‘हॅड वी नोन’ असंही लिहितात. वाचताना ओळखू आलं की झालं, मुलाखतीत वापरायची घाई नको.

मुलाखतीत बहुधा असं विचारतील: ‘व्हॉट वुड यू डू इफ अ कस्टमर शाउटेड ॲट यू?’ ‘शाउटेड’ ऐकून तुमच्या जुन्या ऑफिसातलं भांडण सांगत बसू नका, कुणी अजून ओरडलेलं नाही. त्यांनी ‘वुड’ने विचारलंय, तुम्हीही ‘आय वुड’नेच सुरू करा: ‘आय वुड लेट हिम फिनिश फर्स्ट.’