लस नको, की सुई नको?

(हे पत्र आणि उत्तर ऑक्टोबर २०२१मधलं; नियम आणि तारखा तेव्हाच्या.)

पत्र: मी १९ वर्षांची, एस. वाय. बी. एस्सी.ला आहे. २० ऑक्टोबरला कॉलेज उघडलं, पण कोरोनाच्या लशीचे दोन्ही डोस झालेल्यांनाच वर्गात बसू देतात. माझा एकही झालेला नाही. आई म्हणते, लशीनं पाळी बिघडते, पुढं मूल राहायला त्रास होतो, दिवाळीनंतर बघू. मैत्रिणी हसतात. वर्गातला एकजण पैसे घेऊन नुसतं सर्टिफिकेट काढून देतो म्हणतोय. खरं सांगू? दहावीत रक्त काढताना मी चक्कर येऊन पडले होते. – घाबरलेली

अगं, खरं कारण तू अगदी शेवटी लिहिलंस. हसणाऱ्या मैत्रिणींना ते ठाऊकही नसेल. सुई टोचताना काहींची नाडी एकदम मंदावते, रक्तदाब उतरतो, डोक्याकडे रक्त कमी जातं आणि डोळ्यांपुढं अंधारी येते. यात अडाणीपणा काही नाही, आणि दोष लशीतल्या औषधाचाही नाही. यावर उपाय आहे.

उपाशी जाऊ नकोस. पोटभर नाश्ता कर, निघताना दोन ग्लास पाणी पी. टेबलापाशी गेल्या गेल्या सिस्टरना सांग, ‘मला चक्कर येते, मी आडवी होऊन घेते.’ त्यांना हे नवं नाही. न सांगता खुर्चीवरून पडणं मात्र धोक्याचं. टोचण्याआधी मांड्या, पोटऱ्या आणि पोट १०-१५ सेकंद घट्ट आवळ, मग अर्धा मिनिट सैल सोड. असं पाच वेळा. रक्तदाब टिकतो तो यामुळे. ज्या दंडात सुई घ्यायची तो मात्र ढिलाच ठेव. आवळलेल्या स्नायूत सुई जास्त दुखते. औषध असतं अर्धा मिली, म्हणजे चमच्याचा दहावा भाग. नंतर अर्धा तास तिथंच थांब, आणि लगेच उठू नकोस. घरी आज रात्रीपासूनच आवळण्याचा सराव कर.

सर्टिफिकेटवाल्याला स्पष्ट नाही म्हण. गुन्हा तर आहेच, शिवाय कोविनवर, म्हणजे लशीच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर, तुझ्या आधारवर खोटा डोस चढला की खरा डोस मागायला जाशील तेव्हा यंत्रणा म्हणेल, ‘यांचा झालाय.’ मग ते दुरुस्त करायला खेटे घालत बसशील, आणि तोवर अंगात संरक्षण शून्य.

आता आई. पाळीच्या आधी-नंतर पाच दिवस लस घेऊ नका, असा मेसेज एप्रिलमध्ये फिरला होता. केंद्र सरकारनं तो खोटा असल्याचं तेव्हाच सांगितलं. काही बायकांची पाळी लशीनंतर एखाद्या वेळी पुढं-मागं झाली, अंगावरून जास्त गेलं, हे खरं आहे आणि आईपासून लपवू नकोस. ते पुढच्या एक-दोन पाळ्यांत बसतं. मूल न होण्याशी त्याचा संबंध नाही. जुलैपासून आपल्याकडं गरोदर बायकांनाही ही लस देतात, हे तिला सांग. आणि वाद घालण्यापेक्षा तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात सोबत ने. तिचाही डोस राहिला असेल, तर दोघींची नावं एकाच मोबाइलवर नोंदवता येतात.

दिवाळीनंतर का नको, ते तारखांवरून बघ. २६ ऑक्टोबरला कोव्हिशील्ड घेतलीस तर ८४ दिवसांनी, म्हणजे १८ जानेवारीला दुसरा डोस. कोव्हॅक्सिन मिळाली तर २८ दिवसांनी, २३ नोव्हेंबरला. पहिला डोस जितका लांबवशील, तितकं वर्गात बसणं लांबेल. दुसरा डोस पहिल्याच लशीचा लागतो, म्हणून कुठली शिल्लक आहे ते आधी फोन करून विचार. २५ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर कॉलेजांमध्येही लसीकरणाची मोहीम आहे, पण तिथं गर्दी असेल. तुला निवांत जागा बरी. तोवर ऑनलाइन तासांची सोय मागून घे, प्रॅक्टिकल कसे भरून काढायचे ते सरांना विचार.

लस घेतलीस त्या रात्री कदाचित अंग मोडून येईल, ताप चढेल, दंड दुखेल. एक-दोन दिवसांचं काम. ताप आला तरच पॅरासिटामॉल ५०० ची एक गोळी, लागलीच तर सहा तासांनी दुसरी. ताप येईल म्हणून आधीच घेऊ नकोस. कोव्हिशील्डनंतर रक्तात गुठळी होणं फार क्वचित, मे महिन्यातल्या सरकारी आकड्यानुसार दहा लाख डोसांमागं एकही पूर्ण नाही. तरी लस घेतल्यावर पहिल्या २० दिवसांत कधीही, थांबतच नाही अशी डोकेदुखी किंवा पोटदुखी, धाप, छातीत दुखणं, पायाला सूज, किंवा टोचल्या जागेपासून लांब कातडीवर बारीक लाल ठिपके दिसले, तर वाट न बघता दवाखान्यात जा आणि लस कधी घेतली ते सांग.

लसीकरण केंद्रावरून निघायच्या आधी तिथंच मोबाइलवर मेसेज आलाय का आणि नाव आधारवर आहे तसंच पडलंय का, ते तपासून घे.