पॅनेलसमोर कांद्याचा विषय निघाला तर

पत्र: ताई, मी निफाड तालुक्यातली. पुण्यात इंजिनिअरिंग केलं, आता आयटीत नोकरी करते. आयआयएमच्या मुलाखतीचे कॉल आलेत. वडिलांची कांद्याची शेती, शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला ते अजून लावतात. परवा क्लासमधल्या सरावाच्या मुलाखतीत एका सरांनी विचारलं, "कांदा स्वस्त झाला तर गरिबाचा फायदाच होतो, मग निर्यातबंदीत चूक काय?" मी तावातावानं बोलायला लागले आणि मधेच गळा दाटून आला. पुढे मराठा आरक्षणावर विचारलं, मत कुणाला दिलंस हेही विचारलं. क्लासचे सर म्हणतात, सरळ सांग की मला राजकारणात रस नाही. भाऊ म्हणतो, पॅनेल कुठल्या बाजूचं आहे त्याचा अंदाज घे आणि तसं बोल. मी गप्प बसू की खोटं बोलू?

उत्तर: अगं, दोन्ही नको.

'रस नाही' हे उत्तर आधी डोक्यातून काढ. फॉर्मवर गाव निफाड, वडिलांचा व्यवसाय शेती, आणि मुलगी म्हणते कांद्याच्या धोरणाशी मला घेणंदेणं नाही. कोण विश्वास ठेवेल? शिवाय ज्या शिक्षणासाठी तू चाललीस, त्यात उद्या सरकारच्या एका अधिसूचनेनं कंपनीचा वर्षाचा हिशोब उलटापालटा होणार आहे. त्यावर ज्याला मतच नाही, त्याला घेऊन ते काय करतील?

भावाचा सल्ला तर त्याहून घातक. मी व्यवस्थापनाच्या प्रवेशमुलाखती बरीच वर्षं घेतल्या आहेत. पॅनेलवर दोघं-तिघं असतात आणि त्यांचं आपसात पटतंच असं नाही. मी स्वतः अनेकदा मला पटलेल्या मताच्याच विरोधात उमेदवाराशी वाद घालायचे. पोरगं किती टिकतं ते बघायचं असायचं. बाजू बदलली की कळायचं, मत उसनं आहे. तेव्हा समोरच्याच्या प्रश्नावरून त्याचा पक्ष ओळखायला जाऊ नकोस.

आता गळा का दाटला ते बघू. तो प्रश्न तुला वडिलांवरचा घाव वाटला. वाटणं साहजिक आहे, पण विचारणाऱ्याच्या मनात तुझे वडील नव्हते. त्याच्या डोळ्यांपुढे दिल्लीतला भाजीवाला होता. म्हणून उत्तराची सुरुवात अशी कर: "माझं घर कांद्यावर चालतं, त्यामुळे मी या विषयात तटस्थ नाही, हे आधी सांगते." स्वतःच्या तोंडानं हे सांगून टाकलंस की समोरच्याच्या हातात ते हत्यार राहत नाही. आणि तुलाही पुढचं शांतपणे बोलता येतं.

पुढचं म्हणजे तारखा. त्या तोंडपाठ हव्यात. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लागलं, लासलगावचे लिलाव बंद पडले. डिसेंबर 2023 मध्ये सरसकट बंदी. मे 2024 मध्ये, ऐन लोकसभेच्या धामधुमीत, बंदी उठली, पण टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्य आणि 40 टक्के शुल्क होतंच. शुल्क पूर्ण जायला एप्रिल 2025 उजाडला. 'सरकारनं शेतकऱ्याला मारलं' असं म्हणण्यापेक्षा हा क्रम नुसता सांगितलास तरी पुष्कळ होतं.

मग समोरच्याची बाजू तूच मांड, आणि मनापासून मांड. रोजंदारीवर जगणाऱ्याच्या ताटात भाकरी-कांदाच असतो, तोही महागला तर त्यानं काय खायचं? 1998 साली दिल्ली राज्यात भाजपची सत्ता गेली त्यात कांद्याच्या भावाचा वाटा होता असं आजही बोललं जातं, तेव्हा कुठल्याही पक्षाचं सरकार कांद्याला घाबरतं. यात नुसता एक दुष्ट मंत्री नसतो. भावावर लक्ष ग्राहक व्यवहार मंत्रालयाचं, निर्यातीचं कुलूप वाणिज्य मंत्रालयाकडे आणि शेतकरी कृषी मंत्रालयाच्या खात्यावर. म्हणून नेत्यांची नावं घेऊन आगपाखड करू नकोस, निर्णयावर बोल.

आणि त्यानंतर कांदा साठवायच्या चाळीचं सांग. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, चाळीत दिवाळीपर्यंत टिकतो. तोवर त्याचं वजन घटतं, काही सडतो, काहीला मोड येतात, आणि हा सगळा तोटा शेतकरी चांगल्या भावाच्या आशेवर सोसतो. खरिपाचा लाल कांदा मात्र टिकतच नाही, काढला की विकायचा. बंदी आली डिसेंबरात, म्हणजे नेमकी लाल कांद्याच्या हंगामात. थांबायची सोय नाही, बाहेरचं दार बंद, मार्केट यार्डात जो पुकारा होईल तो घ्यायचा. समोरच्या प्राध्यापकांनी आकडे वाचलेले असतील, पण कुठला कांदा थांबू शकतो आणि कुठला नाही हे त्यांना बहुधा तुझ्याकडूनच कळेल. ते जास्त वेळ ऐकतात ते असंच काहीतरी.

ते लगेच विचारतील, "मग सरकारनं काय करायचं?" इथे बहुतेक उमेदवार गडबडतात. संस्थापक शरद जोशींच्या काळापासून शेतकरी संघटनेचं म्हणणं आहे की बाजार मोकळा ठेवा. तुला पूर्ण पटतं का ते आधी ठरव. मला विचारशील तर अचानक बंदीपेक्षा आधी जाहीर केलेला नियम बरा: अमुक भावाच्या वर गेलं तर अमुक शुल्क, आणि हे लागवडीच्या आधी सांगायचं. सरकारसाठी कांदा खरेदी करून ठेवणाऱ्या नाफेडच्या साठ्यावरही बोलता येईल. पण उत्तर तुझं हवं, माझं पाठ करू नकोस. वडिलांशी दोन मुद्द्यांवर मतभेद असतील तर तेही सांग, त्यानं घरची बेइज्जती होत नाही.

आरक्षणाचं थोडक्यात. या प्रश्नात बरेच जण मतापेक्षा माहितीत घसरतात. फेब्रुवारी 2024 चा 10 टक्क्यांचा कायदा राज्याचा आहे, आयआयएमला लागू नाही. तिथे केंद्राची टक्केवारी: अनुसूचित जाती 15, जमाती साडेसात, इतर मागासवर्ग 27, आर्थिक दुर्बल घटक 10. आधीचा राज्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयानं मे 2021 मध्ये रद्द केला, त्यात 1992 च्या इंद्रा साहनी निकालातली 50 टक्क्यांची मर्यादा कळीची होती. एवढं नीट सांगता आलं की मग 'मला वाटतं' म्हण. आणि कुठल्याही समाजाबद्दल बोलताना तो समाज त्या टेबलाशी बसलेला असू शकतो, हे लक्षात ठेव.

मत कुणाला दिलं? हसून सांग, "सर, ते गुप्तच राहू दे, पण मत देताना मी काय पाहिलं ते सांगते." लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम 94 आहे, मत कुणाला दिलं हे सांगायला कुणाला भाग पाडता येत नाही. कलम मात्र तिथे फेकू नकोस, आगाऊपणा वाटेल.

एखादा पॅनेलवाला खरोखरच हेकट निघतो. तुझं उत्तर मुद्देसूद असूनही तो तोंड वाकडं करतो. तसं झालं तर पुन्हा पुन्हा पटवत बसू नकोस, "तुमचा मुद्दा समजला, माझं मत तरी असं आहे" म्हणून पुढच्या प्रश्नाची वाट बघ.

राहिला सराव. क्लासमध्ये नको, घरी कर. एखादा मुंबईचा मामा-काका असेलच, जो कांदा महागला की फोनवर कुरकुरतो. त्याला समोर बसव आणि इंग्रजीत बोल. चाळ, लिलाव, आडत हे सगळं तू आजवर मराठीतच बोलत आलीस, ते इंग्रजीत सांगताना पहिल्यांदा अडखळशील. ते घरीच होऊन जाऊ दे.

कुठल्या कुठल्या संस्थांचे कॉल आलेत ते लिहिलं नाहीस. निकाल लागला की कळव.

— ताई