आजोबांना फोनवरून चित्र दिसत नाही, हे त्याला कधी कळणार?

या महिन्यात लहान मुलांबद्दलची बरीच पत्रं आलीत. त्यातली पाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि लक्षात आलं की चार जणांचा प्रश्न खरं तर एकच आहे, समोरच्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं हे पोराला कधी आणि कसं उमगतं. पाचवं पत्र थोडं वेगळं आहे, ते शेवटी घेतलंय पण कृपा करून ते सोडू नका.

प्रश्न : ताई, मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे. गावाला आजोबांकडे अजून साधा बटणांचा फोन आहे. हा त्यांच्याशी बोलताना नुसती मान डोलावतो, "हे बघा आजोबा" म्हणून चित्र फोनला चिकटवतो, आणि आजोबा तिकडे हॅलो हॅलो करत बसतात. लपाछपीत पण पडद्यात फक्त तोंड घालतो, बाकीचा सगळा बाहेर! मोठ्या जाऊबाईंची मुलगी म्हणे या वयात सगळं समजायची. काळजीचं काही आहे का?
— एक आई, सातारा

उत्तर : नाही हो, काहीच नाही. सव्वातीनचं मूल असंच वागतं. त्याला चित्र दिसतंय ना, मग आजोबांनाही दिसणार, इतकं साधं आहे ते. त्यात आजकालची मुलं व्हिडिओ कॉलवरच वाढलीत, त्यामुळे एका फोनवर माणूस दिसतो आणि दुसऱ्यावर नाही हे कळणं तर आणखीच अवघड.

हे पद्धतशीरपणे पाहिलं ते स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजे यांनी. तरुणपणी ते पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमत्तेच्या चाचण्यांवर काम करत होते आणि त्यांच्या लक्षात आलं की एका वयाची मुलं एकाच पद्धतीची चूक करतात, म्हणजे ती चूक नाहीच, तो विचार करण्याचा त्या वयाचा मार्ग आहे. पुढे त्यांनी तीन डोंगरांचं एक मॉडेल मुलांसमोर ठेवलं, समोरच्या बाजूला बाहुली बसवली आणि विचारलं, बाहुलीला काय दिसत असेल? लहान मुलं स्वतःला जे दिसतंय तेच सांगायची. पियाजेंचं म्हणणं पडलं की सहा-सात वर्षांपर्यंत असंच चालतं.

पण इथे मी पियाजेंच्या बाजूने नाही. 1975 च्या सुमारास एडिंबरामध्ये मार्टिन ह्यूज यांनी डोंगरांऐवजी आडव्या-उभ्या छोट्या भिंती घेतल्या, पोलीस बाहुल्या घेतल्या आणि मुलांना सांगितलं, या बाळाला पोलिसाला दिसणार नाही असं लपव. साडेतीन ते पाच वर्षांच्या मुलांनी दहातल्या नऊ वेळा बरोबर लपवलं! कारण डोंगराचं मॉडेल त्यांच्या आयुष्यात कुठेच नव्हतं, पकडणं आणि लपणं मात्र रोजचं होतं. तुमच्या मुलालाही खेळातूनच कळेल, चारेक वर्षांचा झाला की बघा.

आणि तो तोंड झाकून लपतो ना, त्याबद्दल केंब्रिजच्या संशोधकांनी 2012 मध्ये फार सुंदर गोष्ट मांडलीय. तीन-चार वर्षांच्या मुलांना विचारलं की डोळे झाकलेला माणूस दिसतो का, तर मुलं म्हणाली नाही, पण त्याचं अंग दिसतं का विचारलं तर हो म्हणाली. म्हणजे पाय बाहेर आहेत हे त्यांना माहीत असतं, पण नजरेला नजर मिळाली नाही तर "मी" सापडलोच नाही असं त्यांना वाटतं. त्यामुळे पाय दिसत असतानाही दोन मिनिटं शोधल्यासारखं करा, मग धप्पा द्या. आणि आजोबांना सांगा, "अरे मला इथून दिसत नाही, कुठला रंग दिलायस सांग की" असं विचारायला, त्या एका वाक्यात सगळा धडा आहे. जाऊबाईंच्या मुलीशी तुलना मात्र सोडा.

प्रश्न : मुलगी साडेचार वर्षांची. परवा श्रीखंडाचा डबा उघडा, हिच्या ओठांवर पिवळ्या मिशा, आणि मी विचारलं तर माझ्या डोळ्यांत बघून म्हणते "मी नाही, बाळाने खाल्लं." बाळ पाच महिन्यांचं आहे! आता रोजच असं चालू झालंय. सासूबाई म्हणतात आत्ताच दोन धपाटे घालून वळण लाव नाहीतर हाताबाहेर जाईल. मला मारवत नाही पण रात्री झोप येत नाही हो, माझी मुलगी खोटारडी होणार का?
— कोल्हापूर

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि आधी हेच सांगते की तुमच्या मुलीचं डोकं अगदी वेळेवर वाढतंय.

खोटं बोलायला काय लागतं बघा. आधी हे कळावं लागतं की मी जे पाहिलं ते आईने पाहिलेलं नाही, म्हणून आईला ते माहीत नाही, आणि मी जे सांगेन ते तिला खरं वाटू शकतं. तीन वर्षांच्या मुलाला हे बहुतेक वेळा जमतच नाही. मी बालवाडी चालवायचे तेव्हा हा खेळ दर वर्षी करायचे, पारलेजीच्या पुड्यात शर्टाची बटणं भरून ठेवायचे. पुडा दाखवून विचारायचं, यात काय? बिस्किटं! मग उघडून दाखवायचं, बटणं. पुडा परत बंद. आता बाहेर उभ्या असलेल्या मैत्रिणीला आत बोलवलं तर तिला काय वाटेल, यात काय आहे? तीन वर्षांचं पोर ठामपणे सांगतं "बटणं". बरं, तुला स्वतःला आधी काय वाटलं होतं? तरी "बटणं"! मिनिटभरापूर्वी बिस्किटं म्हणालेलं असतं ते. एक मुलगा होता, त्याने तीन वर्षांचा असताना हेच उत्तर दिलं, आणि पुढच्या वर्षी तोच खेळ केला तर पुडा उघडल्यावर एकदम हसायला लागला आणि माझा पदर ओढून कानात म्हणाला, "तिला वाटेल बिस्किटं, सांगू नका हां." मला आजही त्याचं तोंड आठवतं.

हा खेळ माझा नाही, ऑस्ट्रियाचे योसेफ पर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये चॉकलेटच्या गोळ्यांच्या डबीत पेन्सिल ठेवून केला होता. त्याआधी 1983 मध्ये पर्नर आणि हाइन्झ विमर यांनी मॅक्सीची गोष्ट रचली, मॅक्सी चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, आई ते दुसऱ्या कपाटात हलवते, परत आल्यावर मॅक्सी कुठे शोधेल? लहान मुलं म्हणतात जिथे आहे तिथे, मोठी म्हणतात जिथे त्याने ठेवलं होतं तिथे. साधारण चार वर्षांच्या आसपास हा पूल ओलांडला जातो. आपल्या मराठीत तर यासाठी किती छान सोय आहे, "मला वाटलं तू आलास" म्हटलं की ऐकणाऱ्याला लगेच कळतं, तो आला नव्हता, मला चुकीचं वाटलं होतं. हे "वाटलं" मुलाच्या बोलण्यात नीट यायला लागलं की समजायचं, पूल ओलांडला.

तुमच्या लेकीने पूल ओलांडलाय, पण ओठावरच्या मिशा आईला दिसतायत आणि पाच महिन्यांचं बाळ डबा उघडू शकत नाही हे जोडून घेणं अजून बाकी आहे. कॅनडातल्या व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांच्या प्रयोगात नेमकं हेच दिसलं. मुलाच्या पाठीमागे खेळणं ठेवायचं, वळून बघू नकोस सांगायचं आणि खोलीबाहेर जायचं. बहुतेक मुलं बघतातच! तीन वर्षांची बरीचशी कबूल करून टाकतात, चारच्या पुढची बहुतेक नाही म्हणतात, आणि मग "बरं, कुठलं खेळणं असेल?" विचारलं की लहान मुलं त्याचं नावच सांगून मोकळी होतात. न बघितल्याचं सोंग शेवटपर्यंत टिकवणं सहा-सातनंतर जमायला लागतं.

आता सासूबाईंच्या धपाट्यांबद्दल. त्यांची तळमळ खरी आहे, पण उपाय उलटा पडतो. याच तलवार आणि ली यांनी 2011 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांमधली मुलं तपासली होती, एका शाळेत मार होता, दुसरीत नव्हता. माराच्या शाळेतली मुलं जास्त खोटं बोलली, आणि लहान वयातच जास्त सफाईने बोलली. मार खाणारं पोर न सापडायला शिकतं हो, खरं बोलायला नाही. हे सासूबाईंना वाचून दाखवा, पण भांडण म्हणून नको.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे माहीत असताना "कुणी खाल्लं?" विचारूच नका, तो सापळा होतो आणि त्यातून सुटायला ती खोटंच बोलणार. सरळ म्हणा, "श्रीखंड खाल्लंस ना, चल तोंड धुऊ, पुढच्या वेळी मला विचार, मी वाटीत देईन." दुसरं, विचारायचंच असेल तर आधी "मला खरं सांगशील ना?" असा शब्द घ्या, त्याने फरक पडतो असं त्या प्रयोगांमध्ये दिसलंय. तिसरं, गोष्टी. आपण सगळे "लांडगा आला रे आला" सांगतो, पण 2014 च्या एका अभ्यासात तीन ते सात वर्षांच्या मुलांना ही गोष्ट सांगून काहीच फरक पडला नाही. ज्या गोष्टीत मुलगा झाड तोडल्याचं कबूल करतो आणि वडील त्याच्या खरेपणाचं कौतुक करतात, तीच ऐकून जास्त मुलांनी खरं सांगितलं. म्हणून तिने एखादी गोष्ट आपणहून सांगितली की त्या क्षणी सगळं काम बाजूला ठेवून तिला जवळ घ्या. आणि खोटारडी हा शब्द घरात कुणी तिच्यासमोर वापरू नका, अगदी लाडानेही नाही.

प्रश्न : मुलगा 22 महिन्यांचा. सोसायटीच्या गार्डनमध्ये कुणालाच बादली-फावडं देत नाही, ओरबाडतो, "माझं" म्हणून ओरडतो. बाकीच्या आया बघत असतात, मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. स्वार्थी होतोय का?
— नाशिक

उत्तर : नाही. "मी" म्हणजे कोण हे त्याला आत्ता आत्ता कळलंय, आरशातल्या पोराच्या गालावरचा टिळा बघून आपला गाल पुसायला मुलं दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान शिकतात, आणि "मी" आला की मागोमाग "माझं" येणारच. या वयाची मुलं एकमेकांसोबत नाही, एकमेकांच्या बाजूला खेळतात. दोन बादल्या न्या, आवडतं फावडं घरीच ठेवा, ओरबाडलं की हात धरून शांतपणे थांबवा, आणि सगळ्यांसमोर "शेम शेम" नको.

आणि एक करून बघा. दोरीवर कपडे वाळत घालताना चिमटा मुद्दाम लांब पाडा आणि हात लांबवूनही पोचत नाही असं करा. जर्मनीत फेलिक्स वार्नेकेन आणि मायकल टोमासेलो यांनी 2006 मध्ये हेच केलं, तर दीड वर्षांची बहुतेक पोरं बक्षीस नाही, शाबासकी नाही, तरी तुरुतुरु जाऊन वस्तू उचलून देत होती. बादली न देणारा तुमचा मुलगा चिमटा उचलून देईल, बघाच.

प्रश्न : नातीसाठी मुलगा चार हजारांचं ब्रेन डेव्हलपमेंट किट मागवतोय, फ्लॅश कार्ड वगैरे. मला पटत नाही पण मी जुन्या पिढीची. आमच्यावेळी भातुकली होती.
— एक आजी, रत्नागिरी

उत्तर : आजी, तुमचं पटत नाही ते बरोबर आहे. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी काढली, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि शिंपले, बिया, पानं, दगड हेच त्यांचं साहित्य होतं. आदिवासी मुलं बालवाडीपर्यंत येईनात तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, अंगणवाडी हा शब्द तिथला.

भातुकलीत नात तुम्हाला रिकाम्या कपातून चहा देते, तुम्ही "साखर कमी झाली गं" म्हणता आणि ती परत साखर घालते, तेव्हा ती एकाच वेळी दोन गोष्टी डोक्यात धरते, कपात काही नाही आणि आजीसाठी चहा आहे. फ्लॅश कार्डावर हत्ती ओळखण्यात हे कुठून येणार? रशियाचे लेव्ह विगोत्स्की म्हणायचे की अशा खेळात मूल स्वतःपेक्षा डोकंभर उंच होतं. आणि खेळता खेळता मनाचे शब्द वापरा, बाहुलीला राग का आला, तिला काय वाटलं असेल, ती विसरली का. ज्या घरांत भावनांबद्दल अशी बोलणी होतात तिथली मुलं दुसऱ्याचं मन लवकर ओळखतात, हे ब्रिटनच्या ज्युडी डन यांनी अमेरिकेतल्या घरांमध्ये बसून पाहिलंय. चार हजार मुलाकडेच राहू देत.

प्रश्न : मुलगा 19 महिन्यांचा. बोटाने काही दाखवत नाही, हाक मारली तर बहुतेक वेळा बघत नाही, आधी "मामा, बाबा" म्हणायचा ते दोन महिन्यांपासून बंद झालंय. घरचे म्हणतात मुलगे उशिराच बोलतात, थांब.
— एक वडील, जळगाव

उत्तर : दादा, थांबू नका. वरच्या चारही पत्रांना मी काळजी नको म्हटलं, तुम्हाला तसं म्हणणार नाही. "ते बघ" म्हणून बोट दाखवणं म्हणजे मला दिसलं ते तुलाही दिसू दे, दुसऱ्याच्या मनाशी जोडलं जाण्याची ही पहिली पायरी असते आणि ती साधारण वर्षाच्या आसपास येते. ती दीड वर्षानंतरही नसणं आणि आलेले शब्द जाणं, ही दोन्ही लगेच तपासून घ्यायची लक्षणं आहेत. कारण नुसतं कानाचंही असू शकतं, म्हणून आधी ऐकण्याची तपासणी, मग बालरोगतज्ज्ञांकडून विकासाची. निदान मी पत्रावरून करणार नाही आणि तुम्हीही मोबाईलवर शोधत बसू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांमध्ये यासाठी वेगळं केंद्र असतं, तिथे तपासणी मोफत होते, अंगणवाडी ताईंकडून किंवा आशाताईंकडून चौकशी करा. जाताना तो हाकेला कधी बघतो कधी नाही, कुठले शब्द कधी बंद झाले हे वहीत तारखेसकट लिहून न्या, आणि घरी खेळतानाचे त्याचे दोन-तीन छोटे व्हिडिओ काढून ठेवा, डॉक्टरांसमोर मुलं वेगळी वागतात. या आठवड्यातच जा, आणि काय झालं ते मला कळवा.