एकच शर्यत जिंकलेला माणूस तिथे कसा?

प्रश्न : सर, दिवाळीत मुलीकडे अमेरिकेला गेलो होतो. जावयांनी शार्लट शहरातलं नॅसकारचं, म्हणजे तिथल्या मोटारशर्यती भरवणाऱ्या संस्थेचं, हॉल ऑफ फेम दाखवलं. दोनदोनशे शर्यती जिंकलेली माणसं तिथे आहेत, हे समजू शकतो. पण वेंडेल स्कॉट यांच्या नावावर विजय फक्त एक! मग त्यांना सन्मान कसा मिळाला? जावई म्हणाले, "बाबा, वशिला इथेही चालतो." ही निवड नेमकी करतं कोण? आपल्यासारख्यांना मत देता येतं का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : जावईबापूंना आधी नमस्कार सांगा. त्यांचं म्हणणं अगदीच फेकण्यासारखं नाही, पण त्यांनी माणूस चुकीचा पकडला.

मीही 2019 मध्ये मुलाकडे गेलो असताना ती इमारत पाहिली. आत एक चढणीचा रस्ता केलाय, त्यावर जुन्या गाड्या ओळीने उभ्या आहेत. ट्रॅकला असतो तसा त्याचा उतार वाढत वाढत 33 अंशांपर्यंत जातो. मुलगा माहितीचे फलक वाचत होता आणि मी वाकून, गाडी घसरू नये म्हणून चाकांना अडण कुठे लावलीय ते शोधत होतो. आयटीआयमध्ये जन्म काढला की दुसरं काय होणार!

आता निवडीचं. ड्रायव्हर असेल तर नॅसकारमध्ये किमान दहा वर्षं गाडी चालवलेली हवी आणि निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली हवीत. पूर्वी तीन लागत. मात्र दहा वर्षं झाली आणि वय पंचावन्न झालं, किंवा शर्यतीत तीस वर्षं काढली, तर निवृत्तीची अट नाही. म्हणून तर रेड फार्मर हे अलाबामाचे आजोबा ऐंशी उलटून गेल्यावर निवडले गेले आणि तेव्हाही मातीच्या ट्रॅकवर गाडी हाकतच होते. गाडीचा मालक, क्रू चीफ म्हणजे गाडीच्या चमूचा मुख्य, इंजिन बांधणारा, ट्रॅक उभारणारा यांनाही दार उघडं आहे, त्यांनी त्या धंद्यात दहा वर्षं काढलेली असली की झालं. मला हे सगळ्यात आवडलं. आपल्याकडे फोटो फक्त स्टिअरिंगमागच्या माणसाचा लागतो.

एक समिती आधी नावं काढते. दहा नावं अलीकडच्या काळातली, पाच जुन्याजाणत्यांची, म्हणजे ज्यांची कारकीर्द साठ वर्षांपूर्वी सुरू झाली त्यांची. मग पन्नासाहून जास्त मतदार शार्लटमध्ये एकत्र बसतात. जुने ड्रायव्हर, मालक, क्रू चीफ, ट्रॅकवाले, मोटारकंपन्यांची माणसं, पत्रकार आणि आदल्या हंगामाचा विजेता. बंद दाराआड प्रत्येक नावावर चर्चा होते. ज्याने ज्याच्याबरोबर काम केलंय तो उठून त्याच्याबद्दल बोलतो. मग चिठ्ठ्या. पहिल्या यादीतून दोघे, दुसरीतून एक. 2020 पर्यंत दरवर्षी पाच जण घेत, 2021 च्या तुकडीपासून तीनच. रांग लांब आणि दार अरुंद, त्यामुळे वाट बघता बघता माणसं जातात. रेमंड पार्क्स यांचंच बघा. 1949 साली नॅसकारच्या वरच्या मालिकेचं पहिलं विजेतेपद मिळवणारी गाडी त्यांची. ते 2010 च्या जूनमध्ये गेले आणि त्यांचं नाव लागलं 2017 मध्ये.

वशिल्याचा संशय घ्यायचाच तर पहिल्या तुकडीवर घ्या. 2010 ला पाच जण घेतले : रिचर्ड पेटी, डेल अर्नहार्ट, ज्युनिअर जॉन्सन, नॅसकारचे संस्थापक बिल फ्रान्स आणि त्यांचे चिरंजीव बिल फ्रान्स ज्युनिअर. बापाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण मुलगा आत आणि डेव्हिड पिअर्सन बाहेर! पिअर्सनने 574 शर्यतींत 105 जिंकल्या होत्या. पेटीच्या 200 आहेत, पण त्याला त्यासाठी 1184 शर्यती लागल्या. सरासरी काढा, पिअर्सन पुढे. चाहत्यांनी बोंब मारली, आणि माझ्या मते बरोबर मारली. मुलाने वडिलांनंतर कारभार वाढवला हे खरं, पण एक वर्ष थांबला असता तर काही बिघडलं नसतं. पुढच्याच वर्षी पिअर्सनला 94 टक्के मतं पडली. मतदारांना चुटपूट लागली असणार, दुसरं काय.

वेंडेल स्कॉटकडे येतो. व्हर्जिनियातल्या डॅनव्हिल गावचा कृष्णवर्णीय माणूस. दुसऱ्या महायुद्धात लष्करात मेकॅनिक. 1961 ते 1973 या काळात वरच्या दर्जाच्या 495 शर्यती धावला. पाठीशी कंपनी नाही. गाडी स्वतःची, जुनी, दुसऱ्याने वापरून सोडलेली. इंजिन स्वतः उतरवायचं, स्वतः चढवायचं, हाताशी मुलं. आणि तरी 147 वेळा पहिल्या दहात. माझ्या ट्रेडमधल्या पोरांना मी सांगायचो की आदल्या रात्री ज्याने इंजिन खोललंय त्याला सकाळी गाडी पळवायला लावू नका, हात थरथरतात. हा माणूस तेच वर्षानुवर्षं करत होता.

1 डिसेंबर 1963 ला फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला मातीच्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर तो जिंकला. थोडाथोडका नाही, दोन फेऱ्यांनी. पण विजयाचा झेंडा दाखवला बक बेकर या दुसऱ्या ड्रायव्हरला. ट्रॉफी त्याला, फोटो त्याचे. फेऱ्या तेव्हा हाताने मोजत, चूक झाली असं सांगितलं. काही तासांनी, लोक घरी गेल्यावर, विजेता स्कॉट असल्याचं कबूल केलं. गोरी मुलगी विजेत्याचा मुका घेते, तो प्रसंग टाळायचा होता असं स्कॉटच्या घरचे सांगत आले. खरी ट्रॉफी त्याला कधीच मिळाली नाही. 1990 मध्ये तो वारला. 2015 ला हॉलमध्ये नाव लागलं आणि नॅसकारने घरच्यांच्या हातात ट्रॉफी ठेवली ती 2021 मध्ये. त्याच वर्षी बबा वॉलेस हा ड्रायव्हर टॅलाडेगाच्या ट्रॅकवर जिंकला, तेव्हा स्कॉटनंतर वरच्या मालिकेत जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय ठरला. मध्ये किती वर्षं गेली ते जावईबापूंना मोजायला सांगा.

आता सांगा, त्या बंद खोलीत तुम्ही असता तर '1' हा आकडा बघून नाव खोडलं असतं का? आपल्या तालमीत भिंतीवर वस्तादाचा फोटो असतो, तो काय त्याच्या गदा मोजून लावतात?

मताचं म्हणाल तर चाहत्यांना इंटरनेटवर मत देता येतं. फक्त एक गोम आहे. सगळ्या चाहत्यांची मतं मिळून शेवटी पेटीत पडते ती एकच चिठ्ठी. तुम्ही, मी, तुमचे जावई आणि अख्खी नॉर्थ कॅरोलायना मिळून एक मतदार!

पुन्हा गेलात तर ज्युनिअर जॉन्सनची हातभट्टी पाहून या. हो, दारूचीच. हा गडी रात्री पोलिसांना चुकवून गावठी दारू पोचवता पोचवता गाडी शिकला. 1956 मध्ये वडिलांच्या भट्टीपाशी पकडला गेला आणि अकरा महिने आत होता. पुढे ड्रायव्हर म्हणून 50 शर्यती जिंकला, मालक म्हणून सहा विजेतेपदं. हॉलमध्ये ठेवलेली भट्टी त्याने स्वतःच जोडून दिलीय. आतून बघता येत नाही, पण नळ्यांचं वळण बघा, मन लावून केलेलं काम आहे.