सामाजिक न्याय आणि आर्थिक स्वावलंबन साधणारा केंद्रीय अर्थसंकल्प कसा आखावा?

अर्थसंकल्पात तरतूद किती, हे मी नंतर पाहते. पैसा कोणत्या महिन्यात हाती पडतो, ते आधी.

पदविकेच्या शेवटच्या वर्षी, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना दहावीनंतरच्या शिक्षणासाठी मिळणाऱ्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या यादीत माझ्या नावापुढे लाल शाईने ‘निधी अप्राप्त’ असा शेरा होता. शुल्क थकले म्हणून महाविद्यालयाने दाखला आणि मूळ गुणपत्रिका अडवल्या, आणि कागदपत्रे नसल्याने जुलैत रुजू व्हायची नोकरी गेली. आईने दोन शेळ्या विकल्या, गळ्यातले मणी सावकाराकडे ठेवले, तेव्हा कुठे दाखला मिळाला. शिष्यवृत्ती पुढच्या मार्चअखेरीस जमा झाली. तोवर व्याज इतके चढले होते की मणी सुटलेच नाहीत. सरकारी पैशाने माणूस पांगळा होतो, असे माझे मामा आजही म्हणतात. त्यांना माझे सांगणे एकच आहे : तोच पैसा वेळेवर आला असता, तर त्या जुलैपासून मी स्वतःच्या पगारावर उभी राहिले असते.

अनुसूचित जातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात निधी राखण्याची पद्धत १९७९-८० पासूनची आहे आणि २०११ च्या जनगणनेनुसार हे प्रमाण १६.६ टक्के आहे. तो निधी सरकारी हिशेबात लघुशीर्ष ७८९ या वेगळ्या खात्याखाली दाखवतात, पण त्यात सर्वांसाठीच्या सर्वसाधारण योजनांचा हिस्साही मोजला जातो, हे मला अजिबात मान्य नाही. २०१७-१८ पासून योजना (विकास योजनांवरचा) व योजनेतर (इतर) खर्च हा भेद संपला आणि हे प्रमाण ज्या योजना-खर्चावर काढायचे तो आधारच गेला. म्हणून आंध्र प्रदेश व कर्नाटक यांनी २०१३ मध्ये केला तसा, हा निधी राखणे बंधनकारक करणारा कायदा केंद्राने करावा, आणि शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता जूनमध्ये देण्याचे बंधन त्यातच घालावे.

पैसा नाही, हे कारण मला पटत नाही. २०१९ मध्ये कंपनीकर कमी करताना वर्षाला १.४५ लाख कोटी रुपयांचे उत्पन्न सोडल्याचे सरकारनेच सांगितले. त्या तुलनेत २०२० मध्ये या शिष्यवृत्तीसाठी पाच वर्षांचे मिळून ५९,००० कोटी मंजूर झाले, तेही राज्यांचा ४० टक्के वाटा धरून. एखाद्या कामासाठी खास करही लावता येतो : महाराष्ट्राने तर रोजगार हमीसाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला होता.

केंद्राचा वाटा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जातो, ही सुधारणा मान्य करायला हवी. शिवाय २०२४-२५ च्या सुमारे ४८ लाख कोटींच्या अर्थसंकल्पात ११ लाख कोटींहून अधिक रक्कम व्याजासाठीच होती. त्यामुळे हे सारे कर्ज काढून करावे, असे मी म्हणत नाही. संरक्षण आणि आयात हेही आर्थिक स्वावलंबनाचेच विषय आहेत, पण त्यांवर जाणकारांनी लिहावे.