एडिनबरातल्या पहिल्या हिवाळ्यासाठी

डिसेंबराच्या मध्यावर इथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवून पावणेचारच्या आत मावळतो, त्यामुळे सतत येणारी झोप, गोड खाण्याची ओढ आणि कशातच मन न लागणे ही लक्षणे निव्वळ आळस समजून तुम्ही अंगावर काढू नका. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला नाही की शरीराचे घड्याळ मागे पडते, म्हणून आभाळ भरलेले असले तरी उजाडताच बाहेर चालून यावे. ऑक्टोबर ते मार्च इथल्या उन्हात त्वचेत ड जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही आणि रोगप्रतिकारक पेशींना तर ते लागतेच. रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करावी, आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्यांनी ती बारमाही घेतलेली बरी. भारतातून आणलेली ६०,००० युनिटांची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये.