नवा कर्नल आला आणि नेट गेलं

प्रश्न : अंबडला माझं जॉबवर्कचं वर्कशॉप आहे. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी उबंटू २४.०४ (लिनक्स) आहे. बरेच महिने राहिलेलं अपडेट परवा केलं. कर्नल, म्हणजे उबंटूचा गाभा, ६.८ वरून ६.१४ वर गेला आणि केबलचं नेट बंद पडलं. केबल, राउटर ठीक आहेत. कार्ड रिअलटेकचं आहे. पूर्वी स्पीड मिळेना म्हणून ओळखीच्या एका मुलाने आर८१६८ नावाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) उतरवून बसवून दिला होता. भाचा म्हणतो, कार्ड बदला. ई-वे बिलं मोबाइलवरून काढतोय. काय करू?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : कार्ड बदलू नका. गेल्या पावसाळ्यात नाशिकरोडच्या एका सीएंकडे मी हेच पाहिलं. जीएसटीची २० तारीख तोंडावर, म्हणून त्यांनी घाईने नवं कार्ड आणून बसवलं. त्यातही तीच चिप होती, तेही गप्पच!

आधी काम सुरू करा. मशीन चालू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबा, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जुना ६.८ अजून असेल, तो निवडा. नेट येईल. बिलं काढून घ्या.

आता कारण. प्रत्येक कर्नलचे ड्रायव्हर /लिब/मॉड्यूल्समध्ये त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असतात. त्या मुलाने बनवलेला आर८१६८ फक्त ६.८ च्या फोल्डरमध्ये आहे, ६.१४ ला तो दिसतच नाही. तरी नेट जायला नको होतं, कारण याच चिपसाठी कर्नलमध्ये आर८१६९ हा ड्रायव्हर मुळातच असतो. मग तो का धावून येत नाही? दोघांची भांडणं नकोत म्हणून बसवताना आर८१६९ ला ब्लॅकलिस्ट करणारी (आपणहून सुरू होऊ न देणारी) ओळ एका फायलीत टाकलेली असते, आणि ती कर्नल बदलला तरी तशीच राहते. एक मागे राहिला, दुसऱ्याला दारातच अडवलं.

खात्री करा. ६.१४ मध्ये जाऊन टर्मिनलवर (कमांड टाइप करायच्या खिडकीत) ‘एलएसपीसीआय -के’ (lspci -k) द्या. इथरनेटच्या खाली ‘कर्नल मॉड्यूल्स : आर८१६९’ दिसेल, पण ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळच नसेल. मग ‘सुडो मॉडप्रोब आर८१६९’ (sudo modprobe r8169) द्या. ब्लॅकलिस्टमुळे ड्रायव्हर आपणहून येत नाही, पण नाव घेऊन बोलावला तर येतो. सीएंच्या ऑफिसात मी एंटर दाबलं आणि पाच-सात सेकंदांत कोपऱ्यातलं नेटवर्कचं चिन्ह उमटलं. त्यांच्या टायपिस्टबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि थेट पोर्टल उघडलं.

हे मात्र रीस्टार्टपर्यंतच टिकतं. कायमचं करायला /ईटीसी/मॉडप्रोब.डी (/etc/modprobe.d) या फोल्डरमधल्या फायलींत ‘ब्लॅकलिस्ट आर८१६९’ (blacklist r8169) शोधा, ओळीच्या सुरुवातीला # टाका, सेव्ह करा आणि ‘सुडो अपडेट-इनिटरामएफएस -यू’ (sudo update-initramfs -u) चालवून मशीन रीस्टार्ट करा. ओळ पुसू नका, पुढे कुणाला तरी ती वाचून उलगडा होईल.

स्पीडचं म्हणाल, तर आधी आठवडाभर आर८१६९ वर काम करून बघा. तो कर्नलबरोबरच सुधारत जातो, त्यामुळे तेव्हाची अडचण आज असेलच असं नाही. खरोखरच कमी पडला, तरच आर८१६८ घ्या, पण डीकेएमएसचं (DKMS) पॅकेज म्हणून, ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या कर्नल हेडर्स या फायलींसकट. मग प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो आपोआप बांधला जातो. बायोसमध्ये सिक्युअर बूट (सही नसलेला ड्रायव्हर अडवणारी सोय) चालू असेल तर बसवताना एक नवा पासवर्ड ठरवायला सांगेल आणि रीस्टार्टला निळ्या पडद्यावर तोच परत विचारेल. तिथे ‘एनरोल मॉक’ (Enroll MOK, म्हणजे ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवणं) निवडा, घाईत पुढे जाऊ नका.